कोल्हापुरात बोर्ड नसलेल्या खानावळी शोधायच्या कशा?

बदलीखाते

नमस्कार मंडळी. जूनमध्ये बदली होऊन कोल्हापुरात आलोय, राजारामपुरीत भाड्याने राहतो, घरचे सगळे पुण्यात, त्यामुळे रात्रीचं जेवण बाहेरच. आल्या आल्या सगळे जे करतात तेच केलं. उद्यमनगरला फडतरे, मग बावडा मिसळ, खासबाग मिसळ, राजाभाऊंची भेळ, ओपल, लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊस, सगळी यादी दोन महिन्यांत संपवली. बरंचसं आवडलं, तक्रार अजिबात नाही.

पण परवा ऑफिसातले आमचे मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही हाटेलात जेवताय, गावात कधी जेवणार?" आणि ते डोक्यात बसलंय. आठ महिने झाले आणि मी अजून पाहुण्यासारखाच खातोय की काय. त्यांना विचारलं कुठे जाऊ, तर म्हणाले फिरा की, दिसतंय. मी फिरलो. काही दिसलं नाही.

त्यातच गेल्या रविवारी पुण्याहून मेव्हणे आले. ॲपवर चांगले स्टार बघून एका ठिकाणी घेऊन गेलो (नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको). सव्वा तास बाहेर उभं, दारात फोटो काढायला मोठ्ठी चमकती पाटी, आत गेल्यावर पांढरा रस्सा असा घट्ट की चमचा उभा राहावा, मैदा लावलाय हे मलासुद्धा कळलं आणि मी काही मोठा दर्दी नाही. तांबडा म्हणजे वर रंगीत तेल आणि खाली पाणी. मेव्हणे काही बोलले नाहीत पण परत जाताना गाडीत म्हणाले "आमच्या कोथरूडला पण मिळतो असा". यापुढे काय बोलणार!

तर प्रश्न असा की घरगुती, छोट्या, एकाच कुटुंबाने चालवलेल्या जागा तुम्ही लोक शोधता कशा? नकाशावर टाकलं की तीच दहा नावं येतात. आणि बायको मार्चमध्ये इकडे येतेय, ती शाकाहारी आहे, तिच्यासाठी पण सांगा. यादी मिळाली तर उत्तमच, पण शोधायची पद्धत कळली तर जास्त आवडेल.

पेठेतला_गडी

भावा पहिली गोष्ट, ॲप बंद करा आणि घड्याळ बघा. कोल्हापुरात खायचं ठिकाण पत्त्यावर न्हाई, वेळेवर सापडतंय. ज्या बोळातनं तुम्ही रात्री नवाला गेला आणि काय दिसलं न्हाई, त्याच बोळात सकाळी सातला जावा, सायकली आणि गाड्या लागलेल्या दिसतील आणि आत मिसळ चालू असंल. साडेअकराला परत गेला तर फळी टाकून मालक घरी जेवायला. मोठ्या मिसळवाल्यांचंबी तसंच की, दुपारी माल संपला की विषय संपला. चार वाजता मिसळ मागणारा माणूस बाहेरगावचा हे सगळ्यास्नी कळतंय.

आता सांगतो कसं फिरायचं. पहाटे शाहू मार्केट यार्डात जावा, हमाल-गाडीवाल्यांसाठी जे उघडं असतंय तिथं चहा आणि गरम भजी खावा, हंगामात गुळाचे सौदे चालू असले तर तेबी बघून होतंय. सकाळी नऊला उद्यमनगरच्या मागच्या गल्ल्या. फडतरेंच्या दारातली रांग बघून परत फिरू नका, तिथनं चालत पुढं जावा, लेथवर काम करणारी पोरं हात पुसत कुठं चाललीत बघा आणि त्यांच्या मागनं जावा. फौंड्रीतला माणूस रोज खातोय त्यामुळं महाग खात न्हाई आणि वाईटबी खात न्हाई, त्याला दिवसभर उभं राहायचं असतंय. दुपारी एकला कोर्ट, सीपीआर दवाखाना, लक्ष्मीपुरीतला धान्य बाजार ह्यांच्या आजूबाजूला. जिथं वकिलाचा कारकून आणि खेड्यातनं आलेला पेशंटचा नातेवाईक एकाच बाकड्यावर बसलाय तिथं डोळे झाकून बसा.

संध्याकाळी गंगावेशला दूध कट्टा. गेलाय का अजून? न्हाई ना? म्हशी रस्त्याकडंला उभ्या, समोर धार काढतात, फेस आलेला ग्लास हातात. आमच्या आज्जापास्नं चालू हाय. तालमीतली पोरं येतात, लहान पोरास्नी घेऊन बाया येतात. ह्यो प्रकार कुठल्या हाटेलात मिळणार न्हाई. आमच्या गल्लीतला एक गडी पुण्यात नोकरीला गेला आणि पिशवीतलं दूध बघून रडला म्हणं, खरं-खोटं त्यालाच माहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मटणाची खानावळ शोधायची असंल तर खाटकाला विचारा. हाटेलवाला खोटं बोलंल, रिव्ह्यूवाला खोटं बोलंल, खाटिक कशाला बोलंल. बुधवारी सकाळी दुकानात जावा, अर्धा किलो घ्या (रिकाम्या हातानं विचारू नका, चांगलं न्हाई दिसत), आणि विचारा, मामा रोज तुमच्याकडनं मटण कुठली खानावळ नेतीया, आणि कोण बघून नेतंय. "बघून नेतंय" हे महत्त्वाचं. फोनवर ऑर्डर टाकणारे येगळे आणि स्वतः येऊन मांडी का खांदा असं उभं राहून कापून घेणारी मावशी येगळी. त्या मावशीच्यात जेवा. ह्या गावात मटणाच्या दरावरनं २०१९ च्या शेवटाला आंदोलन झालंय, लोक बैठका घेत हुते, तेव्हा मटणाबद्दल आमच्यात कुणी मस्करी करत न्हाई.

कट_जादा

पेठेतला भाऊ एवढं लिहिलं आणि एकबी नाव न्हाई 😄 खाटकाचा पत्ता पण न्हाई. सांगा की मग सरळ, लपवताय कशाला?

पेठेतला_गडी

लपवत न्हाई, वाचवतोय.

आमच्या पेठेत एक काकू हुत्या, घरातल्या पुढच्या खोलीत चार टेबलं, दुपारी पंधरा-वीस ताटं, रात्री तेवढीच. ठरलेली गिऱ्हाईकं, एसटीतले दोन ड्रायव्हर, एक मास्तर, पॉलिटेक्निकची पोरं. कुणीतरी आलं, रील काढलं, "हिडन जेम" का काय ते. पुढच्या रविवारी गल्लीत चारचाकी मावंना. काकूंनी पहिल्या आठवड्यात सगळ्यास्नी वाढलं, दुसऱ्या आठवड्यात दोन बायका कामाला ठेवल्या, तिसऱ्या आठवड्यात मिक्सरवर वाटण आलं, मग बाहेरनं तयार मसाला आला. मास्तर आणि ड्रायव्हर कधी गेले कळलंच न्हाई, कारण जागाच मिळायची न्हाई. सहा महिन्यांत रीलवाली गर्दी दुसऱ्या रीलकडं गेली. आता खोलीला कुलूप हाय. काकू पोराकडं पुण्याला.

त्यामुळं मी नाव लिहीत न्हाई. येऊन भेटा, स्वतः घेऊन जातो, बिलबी मी देतो. लिहिणार न्हाई.

रंकाळ्याचा_वारा

पेठेतला दादा म्हणतात ते अर्धं पटतं आणि अर्धं नाही. कोणीच नाव नाही सांगितलं तर नवीन सुरू केलेल्या माणसानं जगायचं कसं? माझ्या मित्रानं फुलेवाडीत मेस सुरू केली होती, चव चांगली, जागा स्वच्छ, ठरलेली गिऱ्हाईकं जमायला वर्ष लागणार आणि भाडं पहिल्या महिन्यापासून. आठव्या महिन्यात बंद. त्याला एक रील मिळालं असतं तर कदाचित आज चालू असतं. जुन्या लोकांना गर्दी नको असते कारण त्यांची खोली स्वतःची असते, भाडं नसतं, हे पण बघा जरा.

मी तर सरळ मध्यम मार्ग धरतो. नाव सांगतो पण गर्दीत नाही, ओळखीच्याला. आणि ॲपवर रिव्ह्यू लिहायचाच तर "जगात भारी" न लिहिता नीट लिहितो, काय मिळतं, कधी बंद असतं, किती माणसं बसतात. वाचणारा त्यावरून ठरवतो.

बदलीखाते, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, चालत फिरा. मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकाकडे, तिथून आत गुजरी, भवानी मंडप, मग महाद्वार रोडवरून रंकाळा. दुचाकीवरून गेलात तर फक्त मोठे बोर्ड दिसतात. चालताना वास येतो. मी खरं सांगतो, दुपारी साडेबाराला कांदा-खोबरं भाजल्याचा वास ज्या जिन्यातून येतो तो जिना चढायचा. दोनदा चुकीच्या घरात शिरलोय, एकदा त्यांनी जेवायला बसवलं 😂

खासबागेच्या बाजूला पण फिरा. कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलं, शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, ते ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं आणि नाटक सुटल्यावर भेळ-वड्याच्या गाड्यांवर उतरणारी गर्दी त्या दिवसापासून गेली. नाटक सुटल्यावर बायका पदर सावरत भेळ खात नाटकाला नावं ठेवायच्या, ते ऐकायला मी मुद्दाम जायचो.

खानावळीची_लेक

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण इथे सगळे जेवणाऱ्यांच्या बाजूने बोलताय म्हणून लिहिते. माझ्या आईने शाहूपुरीत बावीस वर्षं खानावळ चालवली. बोर्ड नव्हता. लोक विचारतात बोर्ड का नाही, तर खरं कारण ऐका, बोर्ड लावला की अनोळखी माणूस येतो, अनोळखी माणूस किती येणार ते कळत नाही, आणि मटणाचं जेवण अंदाजावर करता येत नाही. सकाळी अकरापर्यंत किती ताटं हे कळलं पाहिजे. चार किलो आणलं आणि दोन किलोची माणसं आली तर दिवसाचा नाही, आठवड्याचा नफा गेला. फ्रीजमध्ये ठेवून उद्या वाढणं आईला जमायचं नाही, ती म्हणायची शिळं वाढायचं असेल तर हाटेल काढते. म्हणून ओळखीची तीस-चाळीस माणसं, ती पण आदल्या रात्री सांगून जायची.

त्यामुळे बदलीखाते दादा, पहिला नियम, फोन करून जा. घरगुती ठिकाणी अकराच्या आत फोन करा, "दोन ताटं मटण, एक शाकाहारी, साडेआठला येतो" एवढं सांगा, आणि साडेआठला जा. साडेनऊला नाही. एकदा तुम्ही सांगून वेळेवर गेलात की दुसऱ्यांदा तुमच्या वाटीत नळी जास्त पडेल, हे लिहून घ्या. आणि सांगून आला नाहीत तर पुढच्या वेळी फोन उचलतील, गोड बोलतील, आणि "आज संपलंय ओ" म्हणतील.

आता पांढऱ्याबद्दल, कारण तुम्ही मैद्याचं लिहिलंय आणि माझं डोकं गरम झालं. पांढरा घट्ट नसतोच. मटण हळद-मीठ-आलं-लसणात शिजवून जे पाणी उरतं ते अळणी. त्या अळणीत खसखस, तीळ, काजू असं बारीक वाटण आणि नारळाचं दूध. आमच्याकडे काजू कमी आणि तीळ जास्त, प्रत्येक घराचं वेगळं. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फोडायची नाही, फुटतो. गरम ठेवायचा पण उकळू द्यायचा नाही, म्हणजे मंद आचेवर एक माणूस लक्ष ठेवून पाहिजे. आता दोनशे माणसं ओळीत बसलेली असतील तर कोण लक्ष ठेवणार? मग मैदा नाहीतर कॉर्नफ्लॉवर, म्हणजे उकळला तरी फुटत नाही आणि पाणी वाढवलं तरी दाट दिसतो. म्हणून साधी परीक्षा सांगते. पांढरा वाटीतून तोंडाला लावून पिता आला पाहिजे, ओठाला चिकटला नाही पाहिजे, आणि गार झाला की वर मटणाची चरबी थोडी गोठली पाहिजे. साय धरल्यासारखा जाड थर आला तर पीठ आहे.

तांबड्याचं पण. रंग बेडगी मिरचीचा, तिखटपणा संकेश्वरीचा. आम्ही चटणी म्हणतो ती तुमची पुण्याची ओली चटणी नाही, वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, एप्रिल-मेमध्ये मिरच्या वाळवून कांडपाला देऊन डब्यात भरून ठेवायचा. (आमच्या घरी पुण्याची मामी आली होती, "थोडी चटणी द्या" म्हणाली, आईने डबाच पुढे केला, तिने चमचाभर पोळीला लावून खाल्ली. पुढचं सांगत नाही.) खानावळीत गेलात की मावशींना विचारा चटणी घरची का. घरची असेल तर उत्तर दहा मिनिटांचं येतं, मिरची कुठून आणली, यंदा काय भाव लागला, कांडपवाल्याने काय घोळ घातला. विकतची असेल तर "हो घरचीच" एवढंच.

आणि पैशाचं पण कोणीतरी बोललं पाहिजे. लोकांना थाळी स्वस्त पाहिजे आणि रस्सा अनलिमिटेड पाहिजे. तांबडा-पांढरा किती पण प्या, आई कधी नाही म्हणाली नाही, पण मटणाची वाटी मोजून, कारण तिथेच सगळा खर्च. एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर, मटण, नारळ, दोन बायकांचा पगार. ॲपवाले पण आले होते आमच्याकडे, कमिशन कापून हातात जे राहत होतं त्यात भाकरी निघत होती, मटण नाही. शिवाय भाकरी डब्यात वीस मिनिटं राहिली की चामडं होते, ती तव्यावरून ताटातच पाहिजे. म्हणून चांगल्या खानावळी तुम्हाला ॲपवर दिसत नाहीत दादा, लपून बसल्यात असं काही नाही, हिशेबच बसत नाही.

२०१९ च्या पुरात खानावळीत छातीएवढं पाणी होतं. परत उभं केलं, भांडी गेली होती, ओळखीच्या गिऱ्हाइकांनीच भांडी दिली, एका मास्तरांनी गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणून दिला तो अजून घरात आहे. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आई म्हणाली आता बास. एकट्या आमच्या गल्लीत तीन खानावळी होत्या, आता एक आहे. जी आहे ती चांगली आहे. नाव बदलीखाते दादांना मेसेज केलंय, इथे लिहीत नाही, पेठेतल्या दादांचं मला पटतंय.

पेठेतला_गडी

ताई, शाहूपुरीत बोर्ड नसलेली, जिन्याखालनं आत जायचं, भिंतीवर विठ्ठलाचा फोटो आणि खाली "उधार मागून लाजवू नये", तीच का तुमच्या आईची?

खानावळीची_लेक

तीच 🙂 तुम्ही जेवलाय?

पेठेतला_गडी

चार वर्षं. पॉलिटेक्निकला असताना. तुमच्या आईनं मला परीक्षेच्या दिवशी उधार दिलंय, पाटी लावलेली असून. त्यास्नी नमस्कार सांगा.

तर्रीवाला_नागपूर

मी पाहुणा, विषयाबाहेर एक विचारतो. मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाईस कोण खातं बे? दोनदा आलो कोल्हापूरला, दोन्ही वेळा वाटलं पाव संपले म्हणून ब्रेड दिला.

कट_जादा

नागपूरकर, पाव नुसता वरनं भिजतो आणि आत कोरडा राहतो, स्लाईस कट पिऊन घेतंय. घडी घालायची, कटात बुडवायची, थेंब पडायच्या आत तोंडात. इथली मिसळ म्हणजे मटकी, बटाट्याची भाजी, चिवडा-शेव, कांदा आणि वरनं कट, तर कट टिपायला स्लाईसच पाहिजे. आणि त्याला कट म्हणत्यात, तर्री न्हाई. मला एवढंच बोलायचं हुतं, पुढं चालू द्या.

सोमवार_ते_रविवार_शाकाहारी

शाकाहारी म्हणून मी हात वर करते. लग्न होऊन नाशिकहून इथे आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मग तू जेवणार काय?" तेरा वर्षं झाली, जिवंत आहे.

वहिनींना सांगा, थाळीच्या मोठ्या जागी शाकाहारी ताट मागू नका. पनीरचा तुकडा लाल रश्श्यात पोहत येतो आणि त्याला व्हेज कोल्हापुरी म्हणतात. आमच्या अख्ख्या गल्लीत कोणी घरी व्हेज कोल्हापुरी केलेलं मी पाहिलेलं नाही.

त्यापेक्षा अख्खा मसूर शोधा. मूळचा इस्लामपूरकडचा पदार्थ, आता सांगली-कोल्हापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर सगळीकडे. पण ढाबा निवडताना बघा की बाहेर ट्रक आहेत की बुलेट. बुलेट असतील तर मसुरावर बटर आणि चीज येतं. ट्रक असतील तर कांदा, लिंबू, खरपूस रोटी, आणि मसूर असा की दाणा अख्खा दिसतो पण बोटाने दाबला की विरघळतो.

दुसरं, गडहिंग्लज-निपाणीकडच्या लोकांनी चालवलेल्या शाकाहारी खानावळी. तिकडचं जेवण वेगळंच, ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, कोशिंबीर, दही. दुपारीच मिळतं बऱ्याच ठिकाणी. मी शोधलं कसं सांगू? एसटी स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, कोल्हापुरात जेवता कुठे. दोन मिनिटांत पत्ता. कंडक्टर हा माझ्या मते सगळ्यात विश्वासू माणूस, रोज दोन गावांत जेवतो, त्याला तुलना करता येते.

सकाळसाठी दावणगिरी लोणी डोश्याच्या गाड्या आहेतच, कर्नाटक इथून जवळ. आणि पावसात कटवडा, म्हणजे बटाटेवडा फोडून त्यावर मिसळीचा कट, ते तर वहिनींना पहिल्या आठवड्यात खायला घाला म्हणजे परत पुण्याला जायचं नाव काढणार नाहीत. पन्हाळ्याला गेलात तर झुणका-भाकर आणि खर्डा देणाऱ्या बायका बसतात, त्यातल्या चुलीवर समोर भाकरी थापणारीकडे बसा, थर्मासच्या डब्यात भाकरी ठेवलेलीकडे नाही.

एक तक्रार मात्र करते. बऱ्याच छोट्या खानावळींत बायका एकट्या गेल्या की कोपऱ्यातलं टेबल देतात आणि पटकन वाढून पटकन उठवायचं बघतात. वाईट हेतू नसतो, संध्याकाळी सगळे पुरुषच असतात म्हणून त्यांनाच अवघडतं. पण मला अवघडतं त्याचं काय? मी आता सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी बसते. तिथे मावशी असतात, गप्पा होतात आणि भाकरी पहिली मला मिळते.

रंकाळ्याचा_वारा

कंडक्टरची आयडिया नाद खुळा! हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

बदलीखाते

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय, खूप काही झालंय.

खाटकाचा प्रयोग केला. बुधवारी सकाळी गेलो, अर्धा किलो घेतलं (घरी भांडं नाही, ऑफिसच्या मामांना दिलं), आणि विचारलं. खाटीक मामांनी आधी मला खालून वर बघितलं, मग म्हणाले "फूड का रील?" मी म्हटलं भूक. हसले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंकडे बोट केलं. त्या स्वतः उभं राहून, हे नको, ते द्या, चरबी काढू नका, असं चाललं होतं. त्यांनाच विचारलं, जेवायला येऊ का. त्या म्हणाल्या, "किती जण?" मी म्हटलं एकटाच. "एकट्याला काय विचारायचंय, या की."

मंगळवार पेठेत आहे, एवढंच लिहितो. तीन टेबलं आणि एक लांब बाक. पांढरा तोंडाला लावून प्यायलो, ओठाला चिकटला नाही. तीन वाट्या. सुकं मटण जास्त तिखट नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं, मी इतके महिने समजत होतो की कोल्हापुरी म्हणजे कानातून धूर. त्यांना म्हटलं तसं, तर म्हणाल्या तिखट जास्त घातलं की मटण कसलं हाय ते कळत न्हाई, म्हणून घालतात बाहेर. चटणी घरची का विचारलं. ताई, तुम्ही दहा मिनिटं म्हणाला होता, मला पंचवीस मिनिटं लागली, मध्ये डबा आणून वास पण दिला.

ताई, तुम्ही मेसेज केलेल्या शाहूपुरीतल्या खानावळीत पण जाऊन आलो, अकराच्या आत फोन करून. तुमच्या आईंचं नाव सांगितलं तर पैसे घ्यायला तयार नव्हते, बळंच दिले.

दूध कट्ट्यावर दोनदा गेलो. पहिल्यांदा ग्लास गरम लागला हातात तेव्हा काय वाटलं सांगता येत नाही. लहानपणी दूध गरम म्हणजे गॅसवरून उतरवलेलं एवढंच माहीत होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका पैलवानाने एका दमात किती ग्लास संपवले ते मोजत उभा राहिलो, सात. माझा एक संपायला पाच मिनिटं लागली, तो माझ्याकडे बघून हसला.

आणि ऑफिसच्या मामांना सांगितलं मंगळवार पेठेचं, तर म्हणाले "हां, ती व्हय, माझी चुलत भावजय ती." मी म्हटलं मामा, मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता, शोधलं नसतं."

आता पुढचा बेत. या रविवारी बायको आणि आई-बाबा येतायत जागा बघायला. बायकोसाठी गडहिंग्लजच्या कंडक्टरला विचारून ठेवलंय (खरंच सांगितलं हो त्याने, दोन पत्ते!). आई-बाबांना मंगळवार पेठेत नेतो म्हणतोय, रविवारी रात्री. फोन अजून केलेला नाही.

पेठेतला_गडी

रविवारी न्हाई भावा. त्यांच्यात जोतिबाचा वार पाळत्यात, चूल पेटते पण मटण न्हाई. बुधवारपर्यंत थांबवून घ्या आई-बाबांस्नी.

बदलीखाते

बाबांची रजा नाही हो, सोमवारी सकाळची गाडी आहे.

पेठेतला_गडी

मग रविवारी आमच्या घरी या जेवायला. सकाळी अकराच्या आत सांगा किती ताटं.